सांगली-मिरजेत महागडी स्पोर्ट सेडान घेताना : ब्रँडवरील निष्ठेची किंमत कशी मोजावी

ज्या घरात एकदा मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी येऊन गेलेली असते, त्या घरात पुढची गाडी कोणत्या कंपनीची घ्यायची हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. ‘आपल्याकडे हीच गाडी असते’ एवढ्यावर निर्णय होतो आणि मॉडेल व रंग ठरवणे तेवढे उरते. साधारण पन्नास ते ऐंशी लाख रुपयांच्या व्यवहारात ही सवय फार महागात पडू शकते. पण काही वेळा तीच सवय शहाणपणाचीही ठरते, कारण ओळखीचे वर्कशॉप, माहितीतली यंत्रणा आणि विकताना मिळणारा भाव यांना खरोखरच मोल असते. म्हणून निष्ठा म्हणजे भाबडेपणा आणि हिशेब म्हणजे हुशारी अशी विभागणी मला मान्य नाही. निष्ठेचा बराच मोठा भाग रुपयांत मोजता येतो. तो आधी मोजावा, आणि मोजल्यानंतर जी निव्वळ हौस उरते तिच्यासाठी किती रक्कम द्यायची हे घरच्यांनी मिळून उघडपणे ठरवावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : निष्ठा नेमकी कोणावर आहे ते लिहून काढा

एका कागदावर तीन रकाने आखावेत: चिन्ह, यंत्र आणि माणसे. आपल्याला त्या कंपनीची गाडी का हवी आहे याचे प्रत्येक कारण यांपैकी एका रकान्यात टाकावे. ‘दारात उभी असली की शोभते’ हे पहिल्या रकान्यात जाईल, ‘वळणावर गाडी जमिनीला धरून राहते’ हे दुसऱ्या, आणि ‘गाडी बंद पडली तेव्हा सर्व्हिस सल्लागाराने रात्री फोन उचलला’ हे तिसऱ्या. असे लिहून काढल्यावर अनेकांच्या लक्षात येते की आपण कंपनीवर निष्ठा म्हणत होतो ती प्रत्यक्षात एका वर्कशॉपवर, कधी तर तिथल्या एका माणसावर होती. तो माणूस आज तिथे आहे का, ती डीलरशिप त्याच मालकाकडे आहे का, हे विचारून घेणे मग आपोआप आवश्यक ठरते.

दुसऱ्या रकान्याची तपासणी अधिक कसून करावी लागते, कारण चिन्ह तेच राहते आणि त्याखालचे यंत्र बदलत जाते. मर्सिडीजची एएमजी सी ६३ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तिला आधी ६.२ लिटरचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन होते, नंतरच्या पिढीत ४ लिटरचे दोन टर्बोंचे व्ही-८ आले, आणि आताच्या पिढीत २ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन विद्युत मोटरच्या जोडीने ६८० अश्वशक्ती देते. आकडा वाढला, पण ज्यांनी त्या गाडीवर व्ही-८च्या आवाजासाठी आणि स्वभावासाठी प्रेम केले, त्यांच्यासाठी ती वेगळीच गाडी झाली. बीएमडब्ल्यूच्या एम ३चा प्रवास असाच वळणाचा आहे: १९८६ मध्ये चार सिलिंडर, नव्वदच्या दशकात सरळ रांगेतले सहा सिलिंडर, २००७ मध्ये व्ही-८ आणि २०१४ मध्ये पुन्हा सहा सिलिंडर, या वेळी टर्बोसह. ऑडीने जागतिक बाजारात ए ४ या नावाची जागा २०२४ मध्ये ए ५ या नावाला दिली. जग्वारने तर एक्सई आणि एक्सएफ या दोन्ही सेडानचे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले. त्या गाड्या चांगल्या चालतात, परंतु त्यांच्या मालकांनी पुढची गाडी त्याच कंपनीची घ्यायची म्हटली तर घ्यायला तशी सेडानच नाही.

यावरून करायची कृती साधी आहे. जुन्या गाडीत जे आवडत होते त्यातले काय नव्या पिढीत शिल्लक आहे, ते मुद्दा-मुद्दा करून पाहावे. हळदीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय खरेदीदार भाव बोलत नाही. इथेही वरचे चिन्ह पाहून भाव बोलू नये.

दुसरी पायरी : आपले रस्ते आणि आपला वापर

जाहिरातीतली गाडी मोकळ्या रस्त्यावर धावते. आपली गाडी विश्रामबागेतून मिरजेला जाते, आठवड्याला कोल्हापूर करते, महिन्यातून एक-दोनदा पेठ नाक्यावरून पुण्याच्या महामार्गाला लागते आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला चढते. हा वापर किलोमीटरमध्ये लिहावा. सांगली ते पुणे एका बाजूने सुमारे २३० किलोमीटर आणि सांगली ते कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर धरल्यास वर्षाचा आकडा लगेच निघतो. बहुतेक घरांत तो दहा ते पंधरा हजारांच्या आसपास येईल असे धरून मी पुढचा हिशेब केला आहे. आपला आकडा वेगळा असेल तर तोच वापरावा.

यातून इंधनाचा प्रश्न बराचसा सुटतो. ज्या डॉक्टरांची गाडी दिवसभर सांगली आणि मिरज यांच्यामध्ये दहा-दहा किलोमीटरच्या फेऱ्या करते, त्यांनी डिझेल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ होण्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहून सलग चालावे लागते. छोट्या फेऱ्यांमध्ये ती गाळणी पुन्हा पुन्हा भरते, आणि तिची दुरुस्ती स्वस्त नसते. उलट ज्या व्यापाऱ्याची गाडी दर आठवड्याला पुणे किंवा बेंगळुरू करते, त्याला मर्सिडीज सी २२० डीसारखी ४४० न्यूटन मीटर टॉर्कची, म्हणजे भरपूर ओढीची, डिझेल गाडी वर्षानुवर्षे समाधान देईल.

रस्त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे गतिरोधक. स्पोर्ट सेडान खाली बसलेली असते, आणि मागे तीन माणसे व डिकीत सामान असताना ती आणखी खाली येते. आपल्या गल्लीतला आणि गावच्या वाटेवरचा सर्वांत वाईट गतिरोधक कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. दुसरी गोष्ट टायरची. मोठी चाके आणि बारीक कडांचे टायर दिसायला देखणे असतात, पण खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायरची कड फुगण्याची शक्यता त्यांत जास्त असते. एकाच मॉडेलला दोन मापांची चाके मिळत असतील तर आपल्या भागात लहान मापाची घ्यावीत. तिसरी गोष्ट ऊस हंगामाची. हंगामात दुपदरी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असताना शून्य ते शंभरचा आकडा उपयोगाचा नसतो. चाळीसवरून ऐंशीपर्यंत गाडी किती चटकन जाते आणि गिअर खाली पडायला किती वेळ घेतो, यावर सुरक्षित ओव्हरटेक अवलंबून असतो.

तिसरी पायरी : यंत्रांची तुलना, मोजक्या आकड्यांत

अलीकडच्या वर्षांत भारतात या वर्गातले प्रमुख पर्याय तीन घराण्यांतले राहिले आहेत. बीएमडब्ल्यूची ३ मालिका चेन्नईजवळ, मर्सिडीजची सी-क्लास पुण्याजवळ चाकणला आणि ऑडीची ए ४ छत्रपती संभाजीनगरला जोडली जाते. देशात जोडणी झाल्याने आयात शुल्काचा बोजा बराच कमी होतो. मात्र बरेच सुटे भाग बाहेरूनच येतात, त्यामुळे ‘पुण्यात बनते म्हणजे पार्ट स्वस्त’ असा अर्थ काढू नये.

बीएमडब्ल्यू ३३० एलआयमध्ये २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर साध्या ३ मालिकेपेक्षा ११० मिलिमीटरने जास्त असल्याने मागे बसणाऱ्यांना पाय पसरायला जागा मिळते. एम ३४० आयमध्ये ३ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन, चारही चाकांना ताकद आणि शून्य ते शंभर ४.४ सेकंद हा कंपनीचा आकडा आहे. खऱ्या अर्थाने स्पोर्ट सेडान म्हणावी अशी, देशात जोडली जाणारी आणि घरच्या वापरालाही चालणारी गाडी म्हणून ती मला या यादीत सर्वांत वरची वाटते. मर्सिडीजच्या सी २००मध्ये २०४ अश्वशक्ती आहे. तिचा भर आतल्या सजावटीवर, शांततेवर आणि ऐसपैसपणावर आहे, वळणावरच्या धारेवर तितका नाही. ऑडी ए ४ची अलीकडची आवृत्तीही २०४ अश्वशक्तीची, पण भारतात ती पुढच्या चाकांना ताकद देणारी आहे. त्यामुळे ऑडीच्या चारचाकी पकडीची जी ख्याती ऐकून माणूस त्या शोरूममध्ये जातो, ती या गाडीत नाही, हे घेणाऱ्याने समजून घ्यावे. किमतीच्या मानाने ती नेटकी, चालवायला हलकी आणि उत्तम बांधणीची गाडी आहे.

विजेवरच्या सेडानमुळे निष्ठेची खरी परीक्षा होते. बीवायडी या चिनी कंपनीच्या सील या गाडीची वरची आवृत्ती ५३० अश्वशक्तीची असून शंभरचा वेग ३.८ सेकंदांत गाठते, आणि विजेच्या गाड्यांना जीएसटी ५ टक्के असल्याने किंमत जर्मन गाड्यांच्या बरीच खाली राहते. निव्वळ रुपयाला किती वेग मिळतो हे पाहिले तर तिच्यासमोर कोणी टिकत नाही. परंतु सांगलीहून तिचे वर्कशॉप किती लांब आहे आणि पाच वर्षांनी ती कोण किती भावाने घेईल, या दोन प्रश्नांची उत्तरे नव्या नावाच्या गाडीला अजून कमवायची आहेत.

चौथी पायरी : वर्कशॉपचे अंतर, चाके आणि पुराचे पाणी

सांगलीकराने या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मी सुचवेन, कारण पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत याचा विचारच केलेला नसतो.

यादीतल्या प्रत्येक कंपनीचे अधिकृत सर्व्हिस केंद्र आपल्याला सर्वांत जवळ कुठे आहे, कोल्हापूरला की पुण्याला, हे फोन करून विचारावे. केंद्र आहे एवढ्यावर थांबू नये. तिथे फक्त तेलपाणी होते की बॉडीचे आणि रंगाचे कामही होते, गिअरबॉक्स उघडणारा माणूस तिथे आहे की गाडी पुढे पाठवतात, सुटा भाग मागवल्यावर साधारण किती दिवस लागतात, गाडी घरून नेण्याची आणि आणून देण्याची सोय आहे का, टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे, हे सर्व विचारावे. कोल्हापूर पन्नास किलोमीटर आणि पुणे दोनशे तीस. वर्षातून तीन वेळा वर्कशॉपला जावे लागले तर दिवस, चालकाचा वेळ आणि इंधन मिळून हा फरक मोठा होतो. ज्या कंपनीचे केंद्र जवळ आहे आणि जिथल्या माणसांचा अनुभव चांगला आहे, तिच्यावरची निष्ठा या हिशेबात पूर्णपणे योग्य ठरते. साताऱ्याच्या वाचकाला हे गणित वेगळे पडेल; त्याला पुणे सुमारे ११० किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे दोन्ही सारखेच, आणि त्यामुळे निवडही अधिक मोकळी.

चाकांबद्दल एक प्रश्न नक्की विचारावा: गाडीत स्टेपनी आहे का? काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ते साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर चालतात, असे उत्पादक सांगतात. सोय मोठी आहे, पण कड फाटली तर तो टायर गावातल्या दुकानात मिळत नाही आणि किंमतही जास्त असते. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापे वेगळी असतील तर टायर पुढे-मागे फिरवून त्यांचे आयुष्य वाढवता येत नाही, हेही खर्चात धरावे.

आता पुराबद्दल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१चे पाणी कुठपर्यंत आले होते हे सांगलीत प्रत्येकाला ठाऊक आहे. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुरामुळे झालेले नुकसान भरून मिळते, परंतु पाणी शिरलेल्या इंजिनाला कोणी स्टार्टर मारला आणि आतले दांडे वाकले, तर विमा कंपनी ते पुढचे नुकसान म्हणून नाकारू शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. या गाड्यांत संगणक, सेन्सर आणि तारा खालच्या बाजूलाही असतात, त्यामुळे गुडघाभर पाणीदेखील लाखांचे काम काढू शकते. म्हणून झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घट न कापता भरपाई देणारे कलम), इंजिन संरक्षण आणि गाडी पूर्ण निकामी झाल्यास बिलाची रक्कम परत देणारे कलम, ही तिन्ही पहिल्या वर्षापासून घ्यावीत. शेवटच्या कलमाचे महत्त्व कमी लेखले जाते. विम्याची घोषित किंमत (गाडी पूर्ण गेल्यास विम्यातून मिळणारी रक्कम) एक्स-शोरूम किमतीवरून काढतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ती सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५ टक्के, दोन वर्षांत २० टक्के, तीन वर्षांत ३० टक्के, चार वर्षांत ४० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांनी उतरते. भरलेला रोड टॅक्स त्यात नसतोच. आणि पाऊस वाढल्यावर गाडी कोणत्या उंच जागी नेऊन ठेवायची, हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे.

पाचवी पायरी : पाच वर्षांचा हिशेब

गाडी किती रुपयांना मिळते यापेक्षा ती पाच वर्षांत किती रुपये घेऊन जाते, हा आकडा काढायचा आहे. समजण्यासाठी दोन काल्पनिक गाड्या घेऊ. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. पहिली आपल्या घरच्या ब्रँडची, ऑन-रोड ७१ लाखांची. पाच वर्षांत सर्व्हिस पॅकेज, टायर आणि विमा मिळून ९ लाख जातील आणि ती ३० लाखांना विकली जाईल असे धरू. तिचा खरा खर्च ५० लाख होतो. दुसरी, नव्या ब्रँडची, ऑन-रोड ६६ लाखांची. वर्कशॉप लांब आणि पार्ट महाग म्हणून ११ लाखांचा खर्च, आणि विकताना २४ लाख. तिचा खरा खर्च ५३ लाख. घेताना पाच लाखांनी स्वस्त असलेली गाडी शेवटी तीन लाखांनी महाग पडली. पाच वर्षांत ६०,००० किलोमीटर धरले तर पहिली इंधन सोडून किलोमीटरला सुमारे ८३ रुपये आणि दुसरी सुमारे ८८ रुपये घेते. या उदाहरणात निष्ठेने पैसे वाचवले. आकडे थोडे बदलले तर निकाल उलटतो, आणि म्हणूनच आपल्या यादीतल्या गाड्यांचे खरे आकडे भरून हे गणित करायला हवे. विक्रीचा भाव शोरूमला विचारू नये. त्याच मॉडेलच्या चार-पाच वर्षे जुन्या गाड्या पुणे आणि कोल्हापूरच्या बाजारात आज कितीला मागितल्या जातात ते पाहावे आणि त्यातून घासाघिशीचे पैसे वजा करावेत.

ॲव्हरेजवर घरात होणाऱ्या चर्चेलाही याच गणितात तिची जागा दाखवता येते. ६०,००० किलोमीटरला लिटरमागे १० किलोमीटर देणारी गाडी ६,००० लिटर पेट्रोल पिते आणि १२ देणारी ५,००० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर पाच वर्षांत फरक पडतो १ लाख ५ हजारांचा. विकतानाच्या भावातला फरक त्याच्या कितीतरी पट असू शकतो.

करांचा भाग नीट समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा सेस गेला आणि जीएसटी एकसारखा ४० टक्के झाला. त्यापूर्वी सेस धरून तो याहून बराच जास्त होता. त्यामुळे त्याआधीच्या किमती मनात धरून तुलना करू नये. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के आहे. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी असेल तर तो २० टक्के होतो. म्हणजे ६० लाख एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीवर स्वतःच्या नावाने सुमारे ७ लाख ८० हजार आणि कंपनीच्या नावाने सुमारे १२ लाख. कंपनीच्या नावावर घसारा मिळतो म्हणून अनेक उद्योजक तिकडे वळतात, परंतु गाडीच्या जीएसटीचा परतावा अशा खासगी वापराच्या गाडीवर मिळत नाही, आणि वैयक्तिक नावाने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला किंवा व्यापाऱ्याला व्यवसायाच्या वापरापुरता १५ टक्के दराचा घसारा स्वतःच्या नावावरच्या गाडीवरही मागता येतो. त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा अर्धाच मिळतो. म्हणून गाडी सप्टेंबरअखेर घ्यायची की पुढच्या एप्रिलमध्ये, हे आपल्या सीएला विचारून ठरवावे. बिलात दिसणारा १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, हा खर्च नव्हे, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

कर्जाच्या बाबतीत फक्त मुदत पाहा. पन्नास लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १ लाख ४ हजार आणि एकूण व्याज सुमारे १२ लाख २८ हजार होते. सात वर्षांसाठी हप्ता सुमारे ८० हजारांवर येतो, पण व्याज साडेसतरा लाखांच्या वर जाते. शिवाय पाच वर्षांनी गाडी विकायची झाली तर बोजा उतरवण्यासाठी मोठी रक्कम एकदम भरावी लागते. सात वर्षांशिवाय हप्ता झेपत नसेल, तर एक पायरी खालचे मॉडेल घ्यावे.

सहावी पायरी : चाचणी आपल्या रस्त्यावर

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी चाचणी म्हणून धरू नये. गाडी सांगलीला मागवावी; या किमतीच्या गाड्यांसाठी डीलर सहसा तशी व्यवस्था करतात. आपली जुनी गाडी आणि नवी गाडी एकाच दिवशी, एकाच मार्गावर चालवावी: आधी घराजवळचे गतिरोधक, मग आष्ट्याच्या बाजूने पेठेपर्यंतचा रस्ता आणि जमल्यास महामार्गाचा तुकडा. चार माणसे बसवूनच हे करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर निदान अर्धा तास बसवावे, त्यांना उतरता-चढताना वाकावे किती लागते ते पाहावे, कारण चालवणाऱ्याला आवडलेली कडक सस्पेन्शनची गाडी आईच्या कंबरेला सोसली नाही तर ती घरच्या प्रवासातून लवकरच बाद होते. सस्पेन्शनचा मऊ-कडकपणा बटणाने बदलता येतो का, आणि तो त्याच आवृत्तीत आहे की महागड्या आवृत्तीत, हे विचारावे. आपल्या रस्त्यांसाठी या एका सोयीवर पैसे खर्च करणे मला सनरूफपेक्षा कितीतरी योग्य वाटते. घाटाची चाचणी हवी असेल तर पसरणीचा घाट उत्तम. वळणात स्टीअरिंग काय सांगते आणि उतारावर ब्रेक कसे वागतात हे तिथे कळते.

चाचणीच्या वेळी बोनेटवरचे चिन्ह मनातून बाजूला ठेवणे कठीण असते. त्यासाठी घरातल्या ज्या व्यक्तीला गाड्यांत रस नाही तिला सोबत घ्यावे आणि दोन्ही गाड्यांनंतर तिचे मत सर्वांत आधी ऐकावे.

सातवी पायरी : निष्ठेचे पैसे वसूल करा

आतापर्यंतच्या गणितात जुना ब्रँड पुढे असेल तर उत्तम. पण तसे शोरूममध्ये शिरताच सांगू नये. जुन्या ग्राहकांसाठी कंपन्यांकडे लॉयल्टी बोनस आणि एक्स्चेंज बोनस अशा वेगवेगळ्या सवलती बऱ्याचदा असतात. डीलर कधी कधी जुन्या गाडीचा भाव कमी धरतो आणि तोच फरक बोनस म्हणून दाखवतो. यावर उपाय असा की जुन्या गाडीचा भाव आधी दोन बाहेरच्या व्यापाऱ्यांकडून लेखी घ्यावा आणि नव्या गाडीची सवलत जुन्या गाडीचा विषय न काढता ठरवावी. कोटेशनमध्ये गाडीची सूट, लॉयल्टीची रक्कम, एक्स्चेंजची रक्कम, विमा आणि ॲक्सेसरीज हे सर्व स्वतंत्र ओळींत मागावे. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. पुणे आणि कोल्हापूर अशा दोन ठिकाणची, आणि प्रतिस्पर्धी ब्रँडचेही एक, अशी कोटेशन हातात असली म्हणजे निष्ठावान ग्राहकालाही मान मिळतो.

वर्षअखेरीस आणि नवी पिढी येण्याच्या सुमारास मोठ्या सवलती निघतात. अशी गाडी सात-आठ वर्षे वापरायची असेल तर सवलत घेणे फायद्याचे. तीन वर्षांत विकायची असेल तर जुन्या पिढीचा शिक्का भाव पाडेल. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे चासी क्रमांकावरून तपासून घ्यावे.

वापरलेल्या गाडीचा पर्याय

दोन-तीन वर्षे वापरलेली, कंपनीने प्रमाणित केलेली गाडी हा मूल्याच्या दृष्टीने बहुधा सर्वांत चांगला सौदा असतो, कारण किमतीची सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. नव्या ए ४च्या पैशांत वापरलेली एम ३४० आय मिळू शकते, आणि ज्याला खरोखर गाडी चालवण्याची आवड आहे त्याने हा विचार जरूर करावा. मात्र संपूर्ण सर्व्हिस इतिहास कंपनीच्या नोंदीतून काढावा, ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावरची नोंद पाहून कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना हे तपासावे, आणि बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स यांचा खर्च आधीच धरावा. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालची बारीक माती, सीट-बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा पाण्याचा डाग आणि बंद काचांमागचा दमट वास पाहावा. २०२३पूर्वीची गाडी असेल तर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल तिला चालते का, हे हस्तपुस्तिकेत बघूनच पुढे जावे.

ताबा घेताना आणि नंतर

पासिंगच्या आधी गाडी उजेडात पाहावी. रंगातला फरक, टायरची बनावटीची तारीख, ओडोमीटर आणि चासी क्रमांक बिलाशी ताडून घ्यावेत. सर्व्हिस पॅकेज वर्षांवर आहे की किलोमीटरवर, आणि त्यात ब्रेक पॅड, डिस्क व वायपर येतात की फक्त तेल-फिल्टर, हे लेखी घ्यावे. प्रत्येक बिल, विम्याची प्रत आणि टायरची पावती एका फाइलमध्ये ठेवावी. विकताना हीच फाइल भाव टिकवते.

मूळ वॉरंटी संपण्याच्या तीन महिने आधी मोबाइलवर स्मरण लावून ठेवावे. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच घेतलेली बरी, कारण नंतर ती मिळत नाही किंवा तपासणी करून महाग मिळते. त्याच आठवड्यात पाचव्या पायरीचा कागद पुन्हा काढावा, बाजारातला त्या दिवसाचा भाव त्यात भरावा, आणि गाडी ठेवायची असेल तर वाढीव वॉरंटीचे पैसे भरावेत, नाहीतर वॉरंटी शिल्लक असतानाच ती विक्रीला काढावी.